एसीएल तुटल्यापासून परत मॅटवर येईपर्यंत: गुडघ्याच्या तपासण्यांचा माझा अनुभव

एसीएल म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना बांधून ठेवणारी एक पट्टी, म्हणजे लिगामेंट. हे लिहितेय ते मुख्यतः आमच्या सांगली-कोल्हापूर-सातारा भागात कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणाऱ्या मुलींसाठी. गुडघा गेला की पहिल्या आठवड्यात कुणाकडं जायचं, डॉक्टरांना काय सांगायचं, कुठला कागद जपून ठेवायचा हे कुणीच सांगत नाही, जो तो "लिगामेंट गेलं, आता खेळ संपला" एवढंच बोलून जातो. मी तासगाव तालुक्यातली, वय २३, कबड्डीत उजवा कॉर्नर म्हणजे बचावात उजव्या टोकाला खेळते. मी डॉक्टर नाही, त्यामुळं खाली जे वैद्यकीय आहे ते मला समजावून सांगितलेलं आणि मी विचारून विचारून घेतलेलं आहे, तुमचा गुडघा तुमच्याच डॉक्टरांना दाखवा.

२९ सप्टेंबर २०२४, रविवार. निवड चाचणीचा सामना, हॉलमधली मॅट. समोरची रेडर म्हणजे चढाईला आलेली मुलगी बोनस रेषेकडं पाय टाकल्यासारखं करून एकदम आत वळली आणि मी उजवा पाय रोवून डावीकडं झेपावले. बूट मॅटला धरून बसला, मांडी आत फिरली आणि गुडघा आतल्या बाजूला पडला. कुणाचा धक्का नाही, कुणी अंगावर पडलं नाही. आतून टक् असा आवाज आला, तो मला ऐकू आला की जाणवला हे आजही सांगता येत नाही. पहिली दोन-तीन मिनिटं जीव जाईल असं दुखलं आणि मग दुखणं चक्क कमी झालं. दहा मिनिटांनी मी भिंतीला धरून चालत होते, सगळे म्हणाले मुरगळलाय, होईल बरा. घरी पोचेपर्यंत दोन तास झाले असतील, तोवर गुडघा एवढा सुजला की वाटी दिसेना.

ही वेळ लक्षात ठेवा, पुढं प्रत्येक डॉक्टरनं मला हेच विचारलं की सूज किती वेळात आली. दोन-चार तासांत गुडघा टम्म झाला तर बहुतेक वेळा आत रक्त साठलेलं असतं आणि खेळताना पाय वळून असं झालं असेल तर एसीएलचा संशय पहिला घेतात. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर दोन हाडांमधली गादी म्हणजे मेनिस्कस फाटल्याची शंका जास्त. नियम म्हणून नाही, पण दिशा कळते.

रात्री शेजारच्या काकी तेल घेऊन आल्या, गावातल्या एका चोळणाऱ्या मामांना बोलवायचं पण ठरत होतं. माझी एक मैत्रीण फिजिओथेरपी शिकतेय, तिनं फोनवर आईला समजावलं की काकू, चोळू नका, शेक देऊ नका, आत रक्त आहे, कापडात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा, थोड्या वेळानं परत ठेवा, क्रेप बँडेज बांधा आणि पाय उशीवर उंच ठेवा. आईनं तेवढंच केलं. काकींना वाईट वाटलं असेल, त्यांची माया खरी आहे, पण ताज्या इजेवर चोळल्यानं सूज वाढते हे त्यांनाही नंतर पटलं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, ४०० रुपये. हाड मोडलेलं नाही, गोळ्या घ्या, पट्टी बांधा, तीन आठवडे आराम करा, मग खेळा. गुडघ्याला हात लावून कुणी बघितलं नाही. एक्स-रे काढायलाच हवा होता याबद्दल माझी तक्रार नाही, पायावर चार पावलं भार देता येत नसेल, गुडघा ९० अंशात वाकत नसेल, वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला फिब्युला हाडाच्या डोक्यावर दाबून दुखत असेल किंवा वय ५५ किंवा जास्त असेल तर एक्स-रे काढावा असा जगभर वापरला जाणारा नियमच आहे, ओटावा नी रूल म्हणतात त्याला. पण लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळं "एक्स-रे नॉर्मल" म्हणजे "गुडघा नॉर्मल" असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच आहे.

आमचे कोच सर ऐकेनात. त्यांनी अशा किती पोरी बघितल्यात की तीन आठवड्यांनी मैदानात उतरल्या आणि दुसऱ्यांदा गुडघा निसटला तेव्हा गादीपण फाटून घेतली. त्यांनीच मिरजेतल्या एका ऑर्थोपेडिक सर्जनची वेळ घेतली जे खेळाडूंचे गुडघे-खांदे बघतात. वेळ मिळाली ७ ऑक्टोबरची, तपासणी फी ६०० रुपये. जाताना हाफ पँट घालून जा किंवा बॅगेत ठेवा. लेगिंग वर सरकवून गुडघा तपासता येत नाही आणि दोन्ही पाय मांडीपर्यंत उघडे लागतात.

ही तपासणी मला सविस्तर सांगायचीय कारण माझं निदान इथं झालं, मशीनमध्ये नाही.

आधी दहा-बारा मिनिटं नुसतं बोलणं. पाय जमिनीवर होता की हवेत, गुडघा कुठल्या बाजूला गेला, आवाज आला का, सूज कधी आली, नंतर कधी गुडघा अडकला का म्हणजे अर्धवट वाकून तसाच बसला का, चालताना निसटल्यासारखा होतो का, आधी कधी याच गुडघ्याला लागलंय का. मी मोबाईलवर मैत्रिणीनं काढलेला सामन्याचा व्हिडिओ दाखवला तर डॉक्टर सरांनी तो तीन वेळा बघितला आणि म्हणाले, "बाळा, मला अर्धं उत्तर इथंच मिळालं." तुमच्याकडं व्हिडिओ असेल तर नक्की घेऊन जा.

मग मला चालायला लावलं, उभं करून दोन्ही पायांची ठेवण बघितली. झोपवून टेपनं मांडीचा घेर मोजला, वाटीच्या वर ठरावीक अंतरावर खूण करून दोन्ही बाजूला. आठच दिवसांत उजवी मांडी दीड सेंटीमीटर बारीक झाली होती, मला धक्काच बसला. सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, मेंदूकडूनच आवळला जात नाही आणि झपाट्यानं उतरतो असं त्यांनी सांगितलं. वाटी खाली दाबून ती पाण्यावर तरंगल्यासारखी टेकते का ते बघितलं. गोनिओमीटर नावाच्या प्लॅस्टिकच्या कोनमापक पट्टीनं किती वाकतो किती सरळ होतो ते मोजलं, माझा शेवटचे दहा अंश सरळ होत नव्हता. पायाच्या नाड्या आणि बोटांची संवेदना पण तपासली, कारण गुडघ्याला मोठी इजा झाली असेल तर मागची रक्तवाहिनी आणि नस धोक्यात असू शकते. कंबर, खुबा, घोटा सगळं हलवून बघितलं. कधीकधी दुखतं गुडघ्यात आणि खोट खुब्यात असते म्हणे.

यानंतर ज्याला लॅकमन टेस्ट म्हणतात ती. गुडघा २०-३० अंश वाकवून एका हातानं मांडी धरायची आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढायची. आधी चांगल्या पायावर केली, हे फार महत्त्वाचं, कारण काही जणींचे सांधे मुळातच सैल असतात आणि तुलना स्वतःच्याच दुसऱ्या गुडघ्याशी करायची असते. डाव्या पायाला नडगी थोडी पुढं आली आणि ताणलेला कासरा जसा एका जागी अडतो तशी गच्च अडली. उजव्या पायाला अडलीच नाही, मऊ मऊ पुढं येत राहिली. मलाही कळलं. सर काही बोलायच्या आधी मी रडायला लागले.

त्यांनी मला पाणी दिलं, आईला आत बोलावलं आणि मग राहिलेल्या टेस्ट केल्या. गुडघा सरळ ठेवून आणि मग ३० अंशात वाकवून बाजूला ताण देऊन आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, बघितलं, सरळ असताना घट्ट आणि ३० अंशात थोडं उघडत होतं म्हणजे ते ताणलं गेलंय पण पूर्ण तुटलेलं नाही. सांध्याच्या रेषेवर बोटानं दाबत दाबत गेले, बाहेरच्या बाजूला एका ठिकाणी मी ओरडले, तिथं गादी. गुडघा वळवताना सटकतो का ते बघणारी पिव्हट शिफ्ट नावाची अजून एक टेस्ट असते, ती त्यांनी सोडून दिली. सूज असताना आणि घाबरलेली असताना मांडीचा मागचा स्नायू आपोआप आवळला जातो आणि ती टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते. "दोन आठवड्यांनी ये, सूज उतरली की परत हात लावतो," म्हणाले. पहिल्या तपासणीत सगळं कळत नाही, परत तपासणं हा पण तपासणीचाच भाग आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एसीएल म्हणजे काय ते त्यांनी प्लॅस्टिकच्या गुडघ्यावर दाखवलं. मांडीच्या हाडाच्या मागच्या-बाहेरच्या बाजूकडून नडगीच्या हाडाच्या पुढच्या भागाकडं तिरपी जाणारी, साधारण तीन सेंटीमीटर लांबीची पट्टी. नडगी पुढं घसरू न देणं आणि गुडघा फिरताना सांभाळणं ही तिची कामं. सरळ रेषेत चालताना तिची फारशी गरज लागत नाही म्हणून दहा मिनिटांनी मी चालू शकले. पण कबड्डी म्हणजे वळणं, थांबणं, परत वळणं. ही पट्टी सांध्याच्या पाण्यात असते, तुटली की टोकांमध्ये रक्ताची गाठ नीट धरत नाही, त्यामुळं बाजूचं एमसीएल जसं ब्रेस लावून बहुतेक वेळा जुळतं तसं पूर्ण तुटलेलं एसीएल सहसा आपोआप जुळत नाही. मुलींमध्ये ही इजा त्याच खेळातल्या मुलांपेक्षा जास्त होते, कारणं बरीच सांगतात, पण त्यातलं आपल्या हातातलं एक म्हणजे उडी मारून उतरताना आणि वळताना गुडघा आत पडू न देणं. हे आम्हाला शाळेपासून कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं असं मनापासून वाटतं.

एमआरआय ९ ऑक्टोबरला, ६,५०० रुपये, साधारण अर्धा तास हलायचं नाही, आवाज खूप होतो, कानात बोळे देतात. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. एसीएल पूर्ण तुटलेलं, बाहेरच्या मेनिस्कसला चीर, एमसीएलला ग्रेड दोनची म्हणजे अर्धवट इजा आणि बोन ब्रूज म्हणजे हाडाला आतून मुका मार. हा मुका मार दोन ठिकाणी होता, मांडीच्या हाडावर बाहेरच्या बाजूला आणि नडगीच्या हाडावर मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात. म्हणजे त्या क्षणी नडगी पुढं सटकून ही दोन हाडं एकमेकांवर आदळली होती. व्हिडिओत दिसलं, हाताला लागलं, तेच फोटोत उमटलं होतं. रिपोर्ट घरी आणून एकेक शब्द गुगल करत बसू नका, मी ती रात्र झोपले नाही. फिल्म किंवा सीडी मात्र रिपोर्टसोबत मागून घ्या, पुढच्या डॉक्टरला नुसता कागद चालत नाही.

२१ ऑक्टोबरला परत मिरज. सूज बरीच उतरली होती, आता पिव्हट शिफ्ट केली आणि गुडघा सटकला. ऑपरेशन करायचंच का हा प्रश्न मी विचारला, कारण खर्च दिसत होता. सरांनी प्रामाणिक उत्तर दिलं. स्वीडनमध्ये तरुण, खेळत्या १२१ जणांवर एक चाचणी झाली, २०१० ला प्रसिद्ध झाली, त्यात अर्ध्यांना लगेच ऑपरेशन आणि अर्ध्यांना आधी व्यायाम, गरज वाटली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांत दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनी ऑपरेशन करून घेतलं, बाकीच्यांचं त्याशिवाय भागलं. म्हणजे प्रत्येकीला ऑपरेशन लागतंच असं नाही. पण मला कॉर्नरच खेळायचा होता, गुडघा घरात पायरी उतरतानासुद्धा निसटत होता आणि गादीची चीर शिवण्यासारखी होती, ती तशीच ठेवली तर वाढत जाणार होती. ही तिन्ही कारणं एकत्र आली म्हणून हो म्हटलं. तुमची कारणं वेगळी असतील तर उत्तरही वेगळं असू शकतं.

तेव्हा विनेश फोगाट सगळ्या बातम्यांत होती. तिचं एसीएलचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झालं होतं आणि जवळपास एका वर्षानं ती पॅरिस ऑलिंपिकमध्ये फायनलपर्यंत पोचली होती. पुढं वजनाचं जे झालं ते झालं, मी मात्र तिचा गुडघाच बघत होते. पप्पांनी तिच्या कुस्तीचे व्हिडिओ लावून ठेवले होते घरात, तोंडानं काही बोलायचे नाहीत.

ऑपरेशन लगेच करत नाहीत. सुजलेल्या, कडक गुडघ्यात केलं तर नंतर तो आखडून बसू शकतो. त्यामुळं आधी सांगलीत फिजिओ मॅडमकडं, एका वेळचे ४०० रुपये. पाय पूर्ण सरळ, सूज जवळपास नाही, लंगडणं बंद, आणि सरळ पाय उचलताना गुडघा वाकायला नको, एवढं झालं की मगच तारीख. दिवाळी त्यातच गेली, फराळ करायला खाली बसता येत नव्हतं तर आईनं ओट्याशी खुर्ची दिली.

ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं, दादा तिथं नोकरीला आहे आणि पॉलिसीच्या यादीतलं हॉस्पिटल तिथं मिळालं. अंदाजपत्रक २,१५,००० रुपये. आता विमा, हा भाग नीट वाचा.

आमची फॅमिली पॉलिसी ऑगस्ट २०२३ ची. बऱ्याच पॉलिसींत २४ महिन्यांची वेटिंग म्हणजे तेवढा काळ खर्च मिळत नाही अशा आजारांची यादी असते आणि आमच्या यादीत लिगामेंट आणि मेनिस्कसची चीर होती, म्हणजे आमची वेटिंग संपलेली नव्हती. पण त्याच कलमात अपघातानं झालेल्या इजेला ही वेटिंग नाही असंही लिहिलेलं होतं. टीपीएकडून म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे बघणाऱ्या संस्थेकडून पहिली क्वेरी आली की ही झीज आहे की अपघात, कधीपासून त्रास आहे. मिरजेच्या सरांनी लेटरहेडवर पत्र दिलं, त्यात इजेची तारीख, कशी झाली, एमआरआयमध्ये ताजा बोन ब्रूज आहे म्हणून इजा अलीकडची आहे, असं स्पष्ट लिहिलं. त्याला जोडला ३० सप्टेंबरचा केसपेपर आणि एक्स-रे. ज्या दवाखान्यात मला हात लावून बघितलं नव्हतं त्याच दवाखान्याचा तारखेचा कागद कामाला आला, त्यामुळं कितीही साधा केसपेपर असला तरी फेकू नका. संयोजकांकडून मी त्या दिवशी खेळत होते असं सही-शिक्क्याचं पत्रही घेतलं.

दुसरी क्वेरी, तुम्ही व्यावसायिक खेळाडू आहात का. धोकादायक किंवा साहसी खेळ व्यावसायिक म्हणून खेळताना झालेली इजा पॉलिसीत बसत नाही असं एक कलम बऱ्याच पॉलिसींत असतं, त्यात गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार रेसिंग, स्कूबा डायव्हिंग अशी नावं उदाहरणादाखल आहेत. कबड्डीचं नाव त्यात नाही आणि मला कुणी मानधन देत नाही, हे लेखी दिलं. कॉलेजचं बोनाफाइड जोडलं. मंजुरी ८ नोव्हेंबरला आली, आणि तोवर घरात सगळ्यांची तोंडं बघवत नव्हती.

ग्राफ्ट कुठला घ्यायचा यावर पुण्याच्या सर्जननी माझ्याशी बोलून ठरवलं, हे मला आवडलं. तुटलेल्या एसीएलच्या जागी स्वतःच्याच शरीरातलं टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी बसवतात, तोच ग्राफ्ट. एक पर्याय वाटीखालच्या पॅटेलर टेंडनचा, तो भक्कम पण नंतर गुडघे टेकताना दुखू शकतं. कॉर्नरला अँकल होल्ड म्हणजे घोट्याची पकड मारताना गुडघे जमिनीला लागतातच. दुसरा मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचा, त्यात गुडघे टेकायला त्रास कमी पण मागचा स्नायू परत कमवावा लागतो. आम्ही हॅमस्ट्रिंग घेतला आणि माझं वय कमी व खेळ वळणाचा म्हणून बाहेरच्या बाजूनं एक जादा आधाराची पट्टी पण घातली. २०२० साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा तरुण खेळाडूंमध्ये या जादा आधारामुळं ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं होतं असं त्यांनी दाखवलं.

१२ नोव्हेंबरला ऑपरेशन. कमरेखाली भूल. चिरा द्यायच्या आधी त्यांनी परत एकदा सगळ्या टेस्ट केल्या, भुलीत स्नायू आवळत नाहीत त्यामुळं गुडघा खरा किती सैल आहे ते तेव्हाच कळतं. ग्राफ्ट साडेआठ मिलिमीटर जाडीचा मिळाला, गादी शिवली. १४ ला डिस्चार्ज. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणं डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला हवी आणि उशीर झाला तर हॉस्पिटलचा जादा खर्च कंपनीवर. आमची सकाळी अकराला पाठवलेली फाइल संध्याकाळी सातला सुटली. दादानं ते परिपत्रक मोबाईलवर दाखवल्यावर जादा दिवसाचं भाडं लागलं नाही, एवढं तरी झालं. मंजूर झाले १,८२,००० रुपये, बाकीचे आम्ही भरले, त्यात हातमोजे-सिरिंज वगैरे न मिळणाऱ्या गोष्टी बऱ्याच. ब्रेस ४,५०० आणि कुबड्या ९०० वेगळ्या.

२० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, कुबड्या घेऊन जाऊन आले. ऑपरेशननंतर घराबाहेर पडायची ती पहिलीच वेळ आणि गावातल्या बायकांनी रांगेतून पुढं जाऊ दिलं.

पहिले सहा आठवडे सांगण्यासारखं फार नाही, पण कंटाळा आणि भीती दोन्ही खूप. गादी शिवली असल्यानं सुरुवातीला पूर्ण भार नाही आणि ९० अंशांच्या पुढं वाकवणं नाही. सगळं लक्ष पाय सरळ करण्यावर, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दिवसातून कितीतरी वेळा. नडगीच्या वरच्या भागात बधिर पट्टा राहतो, त्वचेची बारीक नस दुखावते म्हणून, तो हळूहळू आकसतो, घाबरू नका. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा धाप लागली तर मात्र वाट न बघता हॉस्पिटल.

सगळ्यात फसवा काळ त्यानंतरचा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबतं, चालणं झकास होतं आणि नेमका तेव्हा ग्राफ्ट सर्वात कमजोर असतो, कारण शरीर त्या टेंडनमध्ये नवीन रक्तवाहिन्या आणि पेशी भरून त्याचं लिगामेंट बनवत असतं. घरात हळद-लग्न होतं तेव्हा, नाचायला ओढत होत्या बहिणी. मी नाही म्हटलं आणि बसून राहिले, फार वाईट वाटलं.

धावणं मार्चमध्ये सुरू झालं, तारीख बघून नाही तर सूज नाही आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ७० टक्क्यांवर आली म्हणून. स्क्वॉट, लेग प्रेस, एका पायावर उठबस, मग उड्या, मग वळणं.

जुलै २०२५ मध्ये मला वाटत होतं मी तयार आहे. पुण्यात टेस्ट दिली, २,५०० रुपये. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेवरून तिरप्या उड्या, एका पायावर उड्या मारत ६ मीटर किती वेळात जाते ते. सगळ्यात उजवा पाय डाव्याच्या ९० टक्क्यांच्या वर. मी खूश. मग मशीनवर मांडीची ताकद मोजली तर ७८ टक्के. टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी उडीचा स्लो मोशन व्हिडिओ दाखवला, उतरताना मी गुडघा वाकवतच नव्हते, सगळा भार कमरेवर घेऊन अंतर काढत होते. उडीचं अंतर बघून जर सोडलं असतं तर मी तशीच मॅटवर गेले असते. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी मशीन नसतं, तेव्हा निदान जिममधल्या लेग एक्स्टेन्शनवर एकेका पायानं किती वजन उचलतं ते तरी मोजून घ्या, आणि चांगला पायही या काळात उतरलेला असतो हे लक्षात घ्या. मनाची पण १२ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, शंभरपैकी मला ५२ आले. "खेळताना गुडघ्याची भीती वाटते का" या प्रश्नाला मी खरं लिहिलं होतं.

त्यांनी खेळायला नकार दिला. २०१६ च्या एका अभ्यासात ९ महिन्यांपर्यंत खेळ लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागं पुन्हा इजा होण्याचं प्रमाण साधारण निम्म्यानं कमी झालं होतं, तेव्हा अजून थांब, मांडी कमव. गणपतीत आमच्या मंडळाची कबड्डी मी बाहेर बसून बघितली, स्कोअर लिहिला.

सप्टेंबरच्या मध्यात परत टेस्ट. मांडी ९२ टक्के, उड्या सगळ्या ९० च्या वर आणि उतरताना गुडघा नीट वाकलेला, प्रश्नावली ७४. परवानगी मिळाली पण थेट सामन्याची नाही. आधी सरावात कुणी अंगावर येणार नाही असं, मग ठरवून केलेल्या पकडी, मग पूर्ण सराव, मग काही मिनिटांचा सामना, आणि प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला का ते बघायचं. दिवाळीनंतर मी पहिला सामना खेळले, एका हाफपुरता. पहिल्या चढाईला पाय रोवायची हिंमत झाली नाही, नुसती मागं सरकले. नंतर एक अँकल होल्ड लागला आणि कोच सर बाहेरून ओरडले तेवढं ऐकू आलं.

आता आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम चालू आहेत आणि ते खेळते तोवर चालूच राहणार. सरावाआधी वीस मिनिटं उड्या, उतरणं, वळणं यांचा वॉर्म-अप आमच्या संघातल्या सगळ्याच मुलींना कोच सरांनी लावलाय, लहान गटातल्यांना सुद्धा, आणि उतरताना गुडघा आत पडला की मी ओरडते. कुणाला सगळ्या कागदांचा क्रम हवा असेल तर असा ठेवा: पहिल्या दिवसाचा केसपेपर, एक्स-रे, एमआरआय रिपोर्ट आणि सीडी, इजेची तारीख लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र, संयोजकांचं पत्र, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट आणि वापरलेल्या इम्प्लांटचे स्टिकर. ऑपरेशन नोट मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या, पुढं कुठल्याही फिजिओकडं गेलात तर ग्राफ्ट कुठला आणि गादी शिवलीय का हेच पहिलं विचारतात.